काट्यांसकट

साहेब ओरोसहून आले तेव्हा ओहोटी होती.
वऱ्हांड्यातून वेंगुर्ल्याचं बंदर दिसतं,
ते त्यांनी आधी लिहून घेतलं: परिसर रम्य.
मग खाटा मोजल्या. बावीस.
न्हाणीतल्या कड्या धरून हलवून बघितल्या,
फिनेलचा वास घेतला, मान डोलावली,
आणि मला विचारलं,
"रहिवासी समाधानी आहेत का? हो की नाही?"
चौकोन एवढासा. त्यात एकच टीक बसते.

मी हो म्हटलं.
जाताना काजूगराची पिशवी नको नको म्हणाले,
मग घेतली.

मंगळवारचं सांगायला हवं होतं का?

मंगळवारी बांगडा असतो.
सात नंबरच्या मेथरकाकांना तो कुस्करून द्यायचा,
काटे काढून, भातात कालवून,
कारण शिमग्याच्या सुमाराला एकदा घास अडकला होता
आणि डॉक्टरांची चिठ्ठी तेव्हापासून
खाटेच्या पायथ्याशी चिकटवलेली आहे.
चाळीस वर्षं तांडेल होता हा माणूस.
काळोखात दोर हातात धरून सांगायचा
जाळ्यात काय आलंय ते.
त्या मंगळवारी त्यांनी ताट सरकवलं.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
हळूच म्हणाले,
"गाबताच्या पोराक बांगडो सोलून देतंस?
ह्यां जेवाण न्हय गो. ह्यां औषध."

मी दुसरं ताट आणलं.
अख्खा बांगडा, डोक्यासकट.
चिठ्ठीकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसले.
बोटं थरथरतात त्यांची, पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही,
पण माशाला लागली आणि थांबली.
कल्ल्यापाशी दाबून बघितलं.
"बर्फातलो आसा. तरी चलात."
एकेक काटा ताटाच्या काठावर,
सगळे एकाच दिशेला, नांगरलेल्या होड्यांसारखे.
मी जेवण बघत नव्हते, गळा बघत होते.
घाटी वर जायची, खाली यायची,
मग माझा श्वास सुटायचा.
पन्नास मिनिटं लागली.
वहीत मी लिहिलं: जेवण, पूर्ण.

पण ती पन्नास मिनिटं माझी नव्हती.
त्या रात्री रोहिणी रजेवर, मी एकटी.
बारा नंबरच्या हलीमाबींना
दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते.
त्या बोलत नाहीत आता.
नुसतं माझ्या एप्रनचं टोक धरून ठेवतात,
आणि मी ते सोडवून पुढच्या खाटेकडे जाते.
त्या रात्री मी पोचले तेव्हा
त्यांनी काही धरलं नाही.
उशी भिजलेली होती. घाम की काय, बघितलं नाही.
टाच बघितली. लाल.
रुपयाएवढी.

सावंतवाडीच्या ट्रेनिंगला बाईंनी शिकवलं होतं:
दाबून बघायचं.
दाबल्यावर पांढरी पडली आणि बोट उचलल्यावर लाल झाली,
तर कातडी अजून ऐकते.
मी दाबलं.
लगेच काही दिसेना, ट्यूबलाइट फडफडत होती.
मग मोबाईलचा उजेड दातांत धरला, पुन्हा दाबलं.
पांढरी.
बोट उचललं.
आली, लाली परत आली.
खाली कुणाची तरी लाँच सुरू होत होती,
होत नव्हती, पुन्हा सुरू होत होती.
मी टाचेखाली उशी सरकवली,
आणि त्यांच्या हातात एप्रनचं टोक
माझ्या हाताने दिलं.

हे कुठल्या चौकोनात लिहू, साहेब?
एकाच्या ताटातले काटे
दुसरीच्या टाचेत.
आणि वहीत दोन्हीकडे माझी सही, वेळ बरोबर,
कारण वेळ मी नंतर बरोबर केली.

आज सोमवार.
रोहिणी उद्यासुद्धा येणार नाही, तिच्या मुलाला ताप आहे.
काका सकाळपासून दोनदा विचारून झाले,
"बाजारात बांगडो इलो काय गो?"
मी म्हटलं, बघते.
हलीमाबींची टाच
आत्ताच बघून आले.